तोंडओळखीपासून कामाच्या ओळखीपर्यंत: उद्योजक होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यासाठी नेटवर्किंग

‘सर, मला उद्योजक व्हायचंय, मार्गदर्शन करा.’ असा निरोप ज्याच्याकडे येतो त्याला काय उत्तर द्यावं हेच कळत नाही. ‘हो’ म्हणावं तर आपण नेमकं काय कबूल केलं हे ठाऊक नाही आणि ‘नाही’ म्हणणं बरं दिसत नाही. मग तो निरोप तसाच पडून राहतो. पाठवणाऱ्याला वाटतं, मोठी माणसं विद्यार्थ्यांना दाद देत नाहीत. खरं तर दाद देण्यासारखं त्यात काही विचारलेलंच नसतं.

नेटवर्किंग म्हणजे वशिला असं समजून काहीजण नाक मुरडतात, तर काहीजण दिसेल त्याला लिंक्डइनवर जोडत सुटतात. विद्यार्थ्याच्या उपयोगाचं नेटवर्किंग याहून साधं आहे. नेमक्या माणसाला एक छोटा प्रश्न विचारायचा, मिळालेल्या उत्तरावर काहीतरी करून बघायचं आणि काय झालं ते त्याच माणसाला कळवायचं. पहिल्या पायरीची सगळ्यांना भीती वाटते, पण घोडं पेंड खातं ते तिसऱ्या पायरीवर.

आधी प्रश्न, मग माणसं

कोणाला भेटायचं हे ठरवण्याआधी एक वाक्य लिहून काढा. त्यात तीन गोष्टी हव्यात: अडचण कोणाची, अडचण कोणती आणि सध्या तुम्ही तिच्यातलं काय शोधताय. ‘मला फूडटेकमध्ये काहीतरी करायचंय’ या वाक्यावर पुढे काहीच उभं राहत नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये रोज अन्न उरतं. दुसऱ्या दिवशी किती शिजवायचं हे कोण आणि कशाच्या आधारे ठरवतं, ते मी शोधतोय.’ हे वाक्य कागदावर आलं की कोणाला विचारायचं ते आपोआप दिसू लागतं: कॅन्टीनचा व्यवस्थापक, कॅटरिंग कंपनीत खरेदी पाहणारा, स्वयंपाकघरांना सॉफ्टवेअर विकणारा, अंदाजशास्त्र शिकवणारे प्राध्यापक.

कल्पनाच नसेल तरी अडत नाही. एखादं क्षेत्र निवडा आणि ‘या धंद्यात नव्या माणसाला पहिले पाच ग्राहक कुठून मिळतात?’ एवढाच प्रश्न धरून निघा. दहा जणांना हे विचारलंत की त्यांच्या उत्तरांतूनच दोन-तीन खऱ्या अडचणी हाती लागतात.

कोणालाही लिहिण्याआधी स्वतःच्या पायांनी होण्यासारखं काम उरकून घ्या. वरच्या उदाहरणात ते काम म्हणजे सलग पाच दिवस कॅन्टीन बंद होताना तिथे उभं राहून कोणता पदार्थ किती उरला ते मोजणं. यात खर्च काही नाही, रोजची अर्धा तास तंगडतोड तेवढी आहे. पण त्या पाच आकड्यांमुळे तुमचं बोलणं बदलतं. समोरच्याकडे तुम्ही रिकाम्या हाताने जात नाही, त्याने कधी मोजून न पाहिलेली गोष्ट घेऊन जाता.

तीस नावांची यादी

एका कागदावर तीन रकाने आखा आणि प्रत्येकात दहा नावं लिहा. पहिल्या रकान्यात नेहमीच्या बोलण्यातली माणसं येतील. दुसऱ्यात तोंडओळखीची: गेल्या वर्षी एका प्रकल्पात भेटलेला सीनियर, मैत्रिणीची मोठी बहीण, इंटर्नशिपच्या ठिकाणचे हिशेबनीस. तिसऱ्यात अजिबात ओळख नसलेली, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर ज्यांच्याकडे असणार अशी माणसं. पहिला रकाना पाच मिनिटांत भरतो, तिसरा इंटरनेटवर शोधून भरता येतो. दुसऱ्यापाशी डोकं खाजवावं लागतं, आणि सगळ्यात कामाचा नेमका तोच असतो.

यामागे कारण आहे. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी अमेरिकेतल्या न्यूटन शहरात, ओळखीतून नवी नोकरी मिळालेल्या व्यावसायिकांना एक प्रश्न विचारला होता: ज्याच्याकडून खबर कळली, तो तुम्हाला त्या काळात कितीदा भेटत असे? आठवड्यातून दोनदा किंवा जास्त, असं सांगणारे फक्त १६.७ टक्के निघाले. अधूनमधून म्हणणारे ५५.६ टक्के होते आणि वर्षातून एकदा किंवा त्याहून कमी म्हणणारे २७.८ टक्के. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधातले हे आकडे आहेत. जिवलग मित्र आपल्यासाठी जीव टाकतात, पण त्यांना ठाऊक असलेलं बहुतेक आपल्यालाही ठाऊक असतं. नवी खबर दुसऱ्या वर्तुळातून येते, आणि त्या वर्तुळाचं दार म्हणजे तोंडओळखीचा माणूस. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी वापरकर्त्यांवरच्या प्रयोगांचा अभ्यास आला. त्याने या म्हणण्यात एक बारकावा घातला: नोकरी बदलण्यासाठी सर्वाधिक उपयोगी पडली ती मध्यम कच्ची ओळख. थोडेफार सामाईक परिचित असतील अशी, अगदी परकी नव्हे. तुमचा दुसरा रकाना हाच.

तिसऱ्या रकान्यात प्रसिद्ध संस्थापकांची नावं भरण्याचा मोह होतो. तो आवरा. त्यांच्याकडे निरोपांचा ढीग असतो, आणि वीस वर्षांपूर्वी पहिला ग्राहक कसा मिळवला हे आता त्यांनाही नीट आठवत नसतं. कॉलेज सोडून दोन ते सात वर्षं झालेले माजी विद्यार्थी याहून कितीतरी उपयोगी. त्यांच्या चुका ताज्या असतात, कॉलेजचं नाव वाचून ते पत्र उघडतात आणि त्यांना विचारणारे फार नसतात.

प्राध्यापकांना मात्र विद्यार्थी सहसा विसरतात. आपले सर म्हणजे परीक्षा आणि हजेरी, एवढंच समीकरण डोक्यात बसलेलं असतं. १९९८ च्या ऑगस्टमध्ये स्टॅनफर्डचे दोन पीएचडीचे विद्यार्थी, लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन, आपला सर्च इंजिनचा प्रयोग सन मायक्रोसिस्टिम्स या संगणक कंपनीचे एक संस्थापक अँडी बेख्टोल्शाइम यांना दाखवायला गेले. ती भेट झाली प्राध्यापक डेव्हिड चेरिटन यांच्या घराच्या ओसरीत. चेरिटन आणि बेख्टोल्शाइम यांनी त्याआधी मिळून एक कंपनी काढली होती आणि ती सिस्कोने १९९६ मध्ये विकत घेतली होती. त्या भेटीत बेख्टोल्शाइम यांनी एक लाख डॉलरचा चेक लिहिला, तो ‘गूगल इंक’च्या नावाने, आणि त्या नावाची कंपनी तेव्हा नोंदलेलीसुद्धा नव्हती. चेकचा किस्सा सगळे सांगतात, ओसरी कोणाची होती ते फारसं कोणी सांगत नाही. आपल्या विभागातल्या कोणत्या प्राध्यापकांनी उद्योगात काम केलंय, कोण बाहेर सल्लागार म्हणून जातात, हे एकदा त्यांच्या माहितीपानावर बघून घ्या. प्रयोगशाळा साहाय्यकांनाही विसरू नका. कोणत्या बॅचच्या कोणत्या पोराने काय काढलं, हे त्यांना विभागप्रमुखांपेक्षा जास्त ठाऊक असतं.

प्रोफाइल: एका तासाचं काम

निरोप मिळालेला माणूस उत्तराआधी तुमचं नाव शोधतो. तिथे त्याला तीन गोष्टी सापडाव्यात: चेहरा ओळखू येईल असा फोटो, नावाखाली तुमचं ते एक वाक्य आणि काहीतरी केल्याचा पुरावा. पुरावा लहान चालतो. कॅन्टीनच्या पाच दिवसांच्या नोंदींचं एक पानही पुरे. कंपनी नसताना ‘संस्थापक आणि सीईओ’ लिहू नका. अनुभवी माणूस ते वाचून हसतो आणि पुढचं सगळं संशयाने वाचतो. ‘विद्यार्थी’ या शब्दाने दारं जास्त उघडतात, आणि ही सवलत पदवी मिळाली की संपते.

पहिला निरोप

चांगला निरोप जास्तीत जास्त १०० ते १२० शब्दांत बसतो आणि मोबाइलच्या एका पडद्यावर वाचून होतो. उदाहरणच बघा:

‘विषय: कॅन्टीनमधली रोजची खरेदी कोण ठरवतं? आपल्या कॉलेजच्या विद्यार्थिनीचा एक प्रश्न

नमस्कार मॅडम,
मी आपल्याच कॉलेजात सांख्यिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आपण कॅटरिंग कंपनीत खरेदी विभाग सांभाळत होता, असं माजी विद्यार्थ्यांच्या यादीत वाचलं. आमच्या कॅन्टीनमध्ये पाच दिवस उरलेलं अन्न मोजलं. भात रोज उरतो, पण पोळ्या तीन दिवस कमी पडल्या. मला एवढंच समजून घ्यायचंय: दुसऱ्या दिवशीच्या खरेदीचा आकडा प्रत्यक्षात कोण ठरवतं आणि दिवसाच्या कोणत्या वेळी? बुधवारी किंवा गुरुवारी संध्याकाळी सहानंतर १५-२० मिनिटं फोनवर बोलता येईल का? वेळ नसेल तर दोन ओळींचं उत्तरही पुरेल.
आपली,’

खाली पूर्ण नाव, वर्ग, फोन नंबर. बस्स.

आता हा निरोप का चालतो ते पाहू. विषयाच्या ओळीतच प्रश्न आहे, त्यामुळे पत्र न उघडताही वाचणाऱ्याच्या मनात उत्तर तयार होऊ लागतं. आपल्यालाच का विचारलं, हे दुसऱ्या वाक्यात कळतं. ते वाक्य दुसऱ्या कोणाला जसंच्या तसं पाठवता येत असेल, तर ते पुरेसं नेमकं झालेलं नाही. पोळ्या कमी पडल्याच्या तपशिलातून मेहनत दिसते. प्रश्न एकच आहे आणि त्याचं उत्तर द्यायला तयारी लागत नाही. शेवटच्या वाक्यात सुटकेची वाटही ठेवली आहे. गंमत अशी की ‘दोन ओळी पुरतील’ असं म्हटलं की बरेचजण दहा ओळी लिहितात.

आता बिघडतं कुठे तेही बघा. ‘माझ्याकडे एक जबरदस्त कल्पना आहे, पण ती इथे सांगता येणार नाही’ असं लिहिलं की पत्र तिथेच बाद. गोपनीयतेचा करार आधी सही करा म्हणणाऱ्याचंही तेच होतं. पहिल्याच निरोपाला वीस पानी सादरीकरण जोडलं तर ते कोणी उघडत नाही. अनोळखी माणसाला व्हॉइस नोट पाठवली तर ती मीटिंगमध्ये ऐकता येत नाही आणि नंतर राहून जाते. ‘आपला प्रेरणादायी प्रवास पाहून मी भारावून गेलो’ छापाची, एआयकडून लिहून घेतलेली पत्रं हल्ली पहिल्या ओळीत ओळखू येतात. मसुद्यासाठी मदत घ्या हवी तर, पण पोळ्यांचा आकडा तुम्हालाच घालावा लागेल. आणि नावाचं शुद्धलेखन दोनदा तपासा.

उत्तर आलं नाही तर सात-आठ दिवस थांबून त्याच पत्राखाली दोन ओळींची एकच आठवण करा. जमलं तर तिच्यात काही नवं असू द्या: ‘दरम्यान आणखी एका कॅन्टीनमध्ये मोजलं, तिथेही भातच उरतो.’ त्यानंतर गप्प बसा. दहा निरोपांना तीन उत्तरं आली तर ठीक चाललंय असं समजा. एकही आलं नाही तर आणखी दहा पाठवू नका, निरोप बदला. म्हणूनच तीसच्या तीस एका दिवशी पाठवायचे नसतात. आठवड्याला पाच पुरेत.

वीस मिनिटांचं बोलणं

पहिली दोन मिनिटं आभार आणि तुमची ओळख. ओळख तीस सेकंदांची. मग चौदा-पंधरा मिनिटं प्रश्न, आणि ते पाचच असावेत. शेवटची तीन मिनिटं पुढच्या गोष्टीला. बोलण्यात तुमचा वाटा एक चतुर्थांशापेक्षा जास्त झाला तर काहीतरी चुकतंय.

‘माझी कल्पना कशी वाटली?’ हे विचारू नका. भली माणसं ‘छान आहे’ म्हणतात, तुम्ही खूश होऊन फोन ठेवता आणि हाती काहीच आलेलं नसतं. पुढे काय कराल हेही विचारू नका, मागे काय केलं ते विचारा. ‘असं ॲप आलं तर तुम्ही वापराल का?’ या प्रश्नाचं उत्तर फुकट असतं, म्हणून ‘हो’ येतं. ‘मागच्या वेळी अन्न फार उरलं तो दिवस कोणता? त्या दिवशी काय केलंत? नुकसान कोणाच्या खात्यावर पडलं?’ या प्रश्नांची उत्तरं आठवून द्यावी लागतात, आणि आठवताना माणूस खरं बोलतो. कधी कधी उत्तर येतं, ‘नुकसान? ते कंत्राटातच धरलेलं असतं.’ या एका वाक्याने तुमची सहा महिन्यांची मेहनत वाचू शकते, कारण ज्याला तोटाच होत नाही तो उपाय विकत घेणार नाही.

वाक्यं शक्यतो समोरच्याच्याच शब्दांत टिपून घ्या. रेकॉर्ड करायचं असेल तर आधी विचारा. पण रेकॉर्डिंग सुरू झालं की माणसं जपून बोलतात, त्यामुळे वहीच बरी. अठराव्या मिनिटाला सांगा, ‘मॅडम, वेळ होत आलाय, शेवटचा प्रश्न विचारते.’ हा शेवटचा प्रश्न कायम एकच: ‘हे समजून घ्यायला मी आणखी कोणाशी बोलावं?’ आणि ठरल्या वेळी थांबा. समोरूनच ‘अजून दहा मिनिटं आहेत माझ्याकडे’ असं आलं तर पुढे बोला.

शिकवा, गुंतवणूक करा, नोकरी द्या, माझे मेंटॉर व्हा, यांपैकी काहीही पहिल्या बोलण्यात मागू नका. ‘मेंटॉर व्हाल का?’ हा प्रश्न खरं तर कधीच विचारायचा नसतो. पाच-सहा वेळा बोलणं झालं आणि प्रत्येक वेळी तुम्ही सांगितलेलं करून आलात, की ते नातं तयार झालेलंच असतं.

कळवणं: इथे बहुतेकजण गळतात

त्याच दिवशी, उशिरात उशिरा दुसऱ्या दिवशी, तीन ओळींचे आभार पाठवा. नुसतं ‘थँक यू सर’ पुरत नाही. कोणती गोष्ट उपयोगी पडली आणि आता तुम्ही काय करणार, हे दोन्ही त्यात हवं: ‘खरेदीचा आकडा आदल्या दिवशी दुपारी चारला ठरतो हे मला माहीतच नव्हतं. आता दुपारी तीनपर्यंत हाती येणाऱ्या माहितीवर अंदाज बांधता येतो का ते बघते.’

त्यानंतर तीन ते सहा आठवड्यांनी दुसरा निरोप: करून पाहिलं, असं झालं. फसलं असेल तर फसलं म्हणून कळवा. ‘अंदाज चुकला, कारण परीक्षेच्या आठवड्यात मुलं जेवायलाच येत नाहीत, हे लक्षात घेतलं नव्हतं.’ असा निरोप वाचताना समोरच्याला कळतं की आपली वीस मिनिटं वाया गेली नाहीत. सल्ला देणाऱ्यांना हा दुसरा निरोप क्वचितच येतो, म्हणून जो पाठवतो त्याचं नाव लक्षात राहतं. न मागता पुढची मदत येते ती यानंतर. तोपर्यंत तुम्ही फक्त एक सभ्य विद्यार्थी असता.

न कळवण्याची कारणं ठरलेली असतात. काही केलंच नाही म्हणून लाज वाटते, किंवा सांगण्यासारखं मोठं काही घडलं नाही असं वाटतं. पहिल्यावर उपाय असा की बोलणं संपताना दोन आठवड्यांत होईल एवढंच काम कबूल करा. आणि मोठं घडण्याची वाट बघायची गरज नाही, एक आकडासुद्धा पुरतो.

कोणाकडून ओळख करून घेताना

‘तुमची अमक्याशी ओळख आहे ना, माझी करून द्या’ म्हणताना तुम्ही समोरच्याची पत वापरायला मागत असता. त्याचं काम सोपं करा. त्याला वेगळा, जसाच्या तसा पुढे धाडता येईल असा मेल लिहून द्या. त्यात तुम्ही कोण, त्या तिसऱ्या व्यक्तीलाच का विचारायचंय आणि नेमका प्रश्न कोणता, हे ८० शब्दांत असावं. तो मेल मधला माणूस तिसऱ्या व्यक्तीला पाठवेल, ती ‘हो’ म्हणाली तरच ओळख होईल. न विचारता दोघांना एका मेलमध्ये कोंबलं की तिसऱ्या व्यक्तीची पंचाईत होते आणि मधल्या माणसाकडून पुन्हा ओळख मिळत नाही.

ओळख झाली की त्याच दिवशी उत्तर द्या आणि मध्यस्थाचा पत्ता बीसीसीत (मेलमधल्या, इतरांना न दिसणाऱ्या रकान्यात) टाका, म्हणजे वेळ ठरवण्याच्या दहा मेलांचा त्याला त्रास होणार नाही. बोलणं झाल्यावर काय झालं ते त्याला एका ओळीत कळवा.

कार्यक्रमात

स्टार्टअप मेळावे, व्याख्यानं, हॅकेथॉन यांना जाण्याआधी वक्ते आणि सहभागी यांची यादी बघून तीन नावं निवडा. वीस मिनिटं आधी पोहोचा. तेव्हा वक्तेसुद्धा एकटेच उभे असतात. व्याख्यानानंतर व्यासपीठापाशी जी गर्दी होते तिच्यात घुसून फारसं काही मिळत नाही. लाजाळू असाल तर स्वयंसेवक व्हा आणि नोंदणीचं टेबल मागून घ्या. प्रत्येकजण तुमच्यापाशी येतो, नाव सांगतो आणि बोलायला विषय आयता मिळतो.

घोळक्यात शिरायचं असेल तर दोघं समोरासमोर उभे असलेली जोडी टाळा आणि एक बाजू मोकळी असलेला तिघा-चौघांचा घोळका निवडा. ‘तुम्ही काय करता?’ याऐवजी ‘सध्या कशावर काम चाललंय?’ विचारा. बोलणं संपवण्याचा सभ्य मार्ग म्हणजे ते वाढेपर्यंत न थांबता सरळ सांगणं: ‘बरं वाटलं बोलून. आणखी दोघांना गाठायचंय, उद्या मी तुम्हाला ती नोंद पाठवतो.’ आणि बाहेर पडल्या पडल्या, प्रवास सुरू होण्याआधी, प्रत्येक नावासमोर एक ओळ फोनमध्ये लिहा. दुसऱ्या दिवशी सकाळी चेहरे आठवतात, कोण काय म्हणालं ते आठवत नाही. चार नीट संभाषणं झाली की घरी जायला हरकत नाही.

स्वतःजवळ काय आहे

‘मी विद्यार्थी, मी काय देणार?’ हा प्रश्न रास्त आहे, पण उत्तर रिकामं नाही. तुमच्याकडे वेळ आहे, शेकडो तरुण ग्राहकांपर्यंत रोजची पोहोच आहे आणि बसून वाचण्याची सवय आहे. एखाद्या छोट्या कंपनीचं उत्पादन वर्गातल्या १५ जणांकडून वापरून घेऊन कुठे अडखळले त्याची दोन पानी नोंद दिलीत, तर ती त्यांच्या उपयोगाची असते. ५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क इथल्या एका गॅरेजमध्ये होमब्रू कॉम्प्युटर क्लब या हौशी संगणकप्रेमींच्या मंडळाची पहिली बैठक झाली. ॲपलचे एक संस्थापक स्टीव्ह वॉझ्नियॅक या क्लबात जायचे आणि त्यांनी आपल्या संगणकाच्या सर्किटची आकृती तिथल्या लोकांना फुकट वाटली. तोच संगणक पुढे ॲपल-१ म्हणून विकला गेला. आपली कल्पना झाकून ठेवणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावं.

मात्र ‘देण्या’चा फायदा घेणारेही भेटतात. दोन पानी नोंद ठीक, पण तीन महिने फुकट वेबसाइट बांधून द्या म्हणणाऱ्याला नम्रपणे ‘नाही’ सांगा.

सहसंस्थापक शोधताना

आपल्याच वर्गात, आपल्याच शाखेत शोधणं ही नेहमीची चूक. पाच संगणकवाले मिळून कंपनी काढतात आणि विकायचं कोणी, यावर गाडी अडते. म्हणून दुसऱ्या शाखांच्या प्रकल्पांत, नाट्यमंडळात, एनएसएसमध्ये, क्रीडा संघात ओळखी ठेवा. वार्षिक संमेलनाचं प्रायोजकत्व गोळा करणारी मुलगी विक्री म्हणजे काय हे आधीच शिकलेली असते.

माणूस आवडला तरी लगेच भागीदारी ठरवू नका. चार ते सहा आठवड्यांचं, शेवटची तारीख असलेलं एक छोटं काम एकत्र करा. मुदत आली की कोण फोन उचलतं आणि कोण गायब होतं, हे कोणत्याही गप्पांत कळत नाही. पुढे हिस्सेदारीची बोलणी झाली तर ‘अर्धं तुझं, अर्धं माझं’ असं पहिल्याच दिवशी करून टाकू नका. स्टार्टअपमध्ये रूढ असलेली पद्धत अशी: हिस्सा चार वर्षांत हळूहळू हक्काचा होतो आणि पहिलं वर्ष पूर्ण होण्याआधी जो सोडून जाईल त्याला काहीच मिळत नाही. मैत्री टिकवायची असेल तर हे कागदावर हवंच.

कुठे सावध राहायचं

गुंतवणूकदाराशी गाठ घालून देतो म्हणून आधी शुल्क मागणाऱ्यापासून लांब राहा. दोन भेटींच्या सल्ल्यावर हिस्सा मागणाऱ्यापासूनही. प्रत्यक्ष पहिली भेट नेहमी कार्यालयात, कॉलेजात किंवा वर्दळीच्या ठिकाणी दिवसा ठेवा आणि कुठे जाताय ते कोणाला तरी सांगून जा. बोलणं कामावरून खासगीकडे वळू लागलं तर मध्येच उठून निघण्यात काही उद्धटपणा नाही. तुमच्याकडूनही एक पथ्य पाळा: एकाने विश्वासाने सांगितलेला आकडा दुसऱ्याला त्याच्या नावासकट सांगू नका. अशा गोष्टी फिरून परत येतात.

नोंदवही

एक साधी स्प्रेडशीट पुरते. रकाने सहा: नाव, कोणामार्फत ओळख, शेवटचं बोलणं कधी, काय म्हणाले, मी काय कबूल केलं, पुढचा निरोप कधी. यातला पाचवा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. दर रविवारी पंधरा मिनिटं बसून त्या आठवड्यात येणाऱ्या तारखा बघा. एकूण नेटवर्किंगला आठवड्याचे दोन-तीन तास पुष्कळ झाले. याहून जास्त वेळ जात असेल तर तुम्ही बहुधा उत्पादनावरचं काम टाळताय.

थंड पडलेली ओळख

परीक्षा येते, प्रकल्प येतो, मध्ये पाच महिने जातात आणि मग निरोप पाठवायला अवघड वाटतं. जितके दिवस जातात तितकी मनातली माफी लांबत जाते. लांबलचक माफी लिहू नका, एका अर्ध्या वाक्यात ती संपवा आणि थेट कामाचं बोला:

‘नमस्कार मॅडम, मध्ये बरेच दिवस कळवायचं राहून गेलं. जानेवारीत आपण म्हणाला होता की अंदाज दुपारी तीनच्या आत यायला हवा. आता तो अडीचला येतो आणि दोन कॅन्टीन तो रोज वापरताहेत. भात अजूनही थोडा उरतोच. आपल्याकडून उत्तराची अपेक्षा नाही, फक्त कळवावंसं वाटलं.’

यात काही मागितलेलं नाही. मागायचं असेल तर पुढच्या निरोपात, तेही यावर काही उत्तर आलं तर.